फळाची आशा, फळाची जाण

मंडीदीपच्या कारखान्यांत औषधे बनतात, ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड बनतात. जवळच भोपाळमध्ये 2–3 डिसेंबर 1984 च्या रात्री एका कारखान्याच्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले मिथाइल आयसोसायनेट तापत गेले आणि विषारी वायू वस्त्यांवर पसरला. मग अशा कारखान्यांत उद्या काम करू शकणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने निष्काम कर्म, म्हणजे फळाची आशा न धरता केलेले काम, कसे समजून घ्यावे? प्रकल्पात यील्ड कमी आले तरी खरा आकडाच वहीत लिहायचा, ही फळाची आशा सोडणे. उरलेला द्रावक कुठे जाईल याची चिंताच सोडणे हे मात्र वैराग्य नव्हे, बेफिकिरी. कोणी म्हणेल, दोष कारखाना चालवणाऱ्यांचा. शिकणाऱ्यावर ओझे कशाला? दोष त्याचा नाहीच. पण सवय अधिकाराच्या आधी लागते. आज बेसिनमध्ये बिनदिक्कत बीकर रिकामे करणारा हात उद्या टाकीच्या झडपेवर असू शकतो.