नळाचा मध

तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. लाकडी पेटी, तिला नळी, खाली काचेची बरणी. माणूस किल्ली फिरवतो आणि मधाची धार लागते. धूर नाही, तोंडावर जाळी नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या अँडरसन बापलेकांनी या ‘फ्लो हाइव्ह’साठी इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले, तेव्हा एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त जमले. मीही हरखलो होतो. वाईला आत्याच्या परसात सातेरी माश्यांची आमची एक पेटी होती. तिच्या जागी ही आणावी असं मनात होतं.

मग कळलं, की त्यातली प्लास्टिकची घरं मेलिफेरा या परदेशी माशीच्या मापाची आहेत. आपली सातेरी तिच्याहून लहान. बेत बारगळला, पण प्रश्न राहिला: मध काढणं इतकं सोपं असावं का?

आमची पेटी चौकटींची. मूळ कल्पना लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्याची, १८५१ सालची. साधारण नऊ मिलिमीटरची फट ठेवली तर माश्या ती बुजवत नाहीत, वाट म्हणून मोकळी ठेवतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यामुळे चौकट सुटी उचलता येते, मधयंत्रात फिरवून मध काढता येतो आणि रिकामं पोळं माश्यांना परत देता येतं. एरवी मध काढायचा म्हणजे पोळं कापायचं आणि पिळायचं. त्यात पिल्लं गेली तर गेली.

दुसऱ्या टोकाला टॉप बार पेटी, आणि वारे या फ्रेंच पाद्र्याची पेटी. (पाद्री आणि मधमाश्यांचं काय नातं आहे कोण जाणे, दक्षिण भारतात सातेरीसाठी लहान पेटी करणारे न्यूटनही पाद्रीच.) यांत चौकट नसते, वर नुसत्या पट्ट्या. माश्या त्यांच्या मनासारखं पोळं बांधतात. ‘नैसर्गिक’ म्हणून या पेट्यांचं फार कौतुक होतं. पण मध काढताना पोळं कापावंच लागतं, आणि मेण काही फुकट होत नाही. किलोभर मेणासाठी माश्यांना सहा-आठ किलो मध खावा लागतो, असा ढोबळ हिशेब सांगतात. म्हणजे ज्या पेटीपाशी मी स्वतःला सज्जन समजतो, तिथेच मी मधाबरोबर त्यांचं घरही नेतो. मला हे पचायला वेळ लागला.

म्हणून मग चौकटींची पेटी बरी, असं मी छातीठोकपणे सांगायचो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत.

त्या वर्षी जांभळाचा मध छान भरला होता. यंत्र फिरत होतं, मी एकेक चौकट काढत होतो. आत्या म्हणाली, “अरे, दोन तरी राहू दे त्यांना.” मी म्हणालो, “पावसाळ्यात साखरेचा पाक देऊ की.” पद्धत तशीच आहे: पावसात फुलोरा नसतो, तेव्हा पाक ठेवायचा. मध आपल्याला, साखर त्यांना. पुण्याला परतलो, कामात अडकलो. जुलैअखेर पेटी उघडली तर आत एकही माशी नव्हती. पोळ्यांवर मेणपतंगाच्या अळ्यांनी जाळं विणलं होतं.

सातेरी असं करते. उपासमार झाली, फार छळ झाला, की राणीसकट उठून जाते.

मधमाश्या पाळणारे आम्ही लोक ‘वाटा’ हा शब्द फार वापरतो. आम्ही घर देतो, त्या मध देतात. पण वाटा ठरवायला दोघं लागतात, आणि इथे मोजणारा मी एकटाच होतो. एक कामकरी माशी आयुष्यभरात चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्श्याइतका मध करते, हे मला पाठ होतं. पाठ असून उपयोग झाला नाही.

फ्लो हाइव्हवर मी आता चिडत नाही; माश्यांना तिचा त्रास कमी होत असेलही. पण आमच्या पेटीत चौकट हाताला जड लागते, माश्या मनगटावर चढतात, खालच्या कोठ्यातली पिल्लं दिसतात. एवढं समोर असून मी थांबलो नाही. किल्ली फिरवताना थांबलो असतो का?

यंदा पेटीत नवी वसाहत आली आहे. आत्याने वरच्या कोठ्यातल्या दोन चौकटींना लाल दोरा बांधलाय. त्यांना मी हात लावायचा नाही.