बाटलीच्या पाठीवरचे आकडे

2003 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले आणि देशभर गदारोळ उडाला. संसदेने शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. 2004 मधल्या अहवालात समितीने संस्थेचे निष्कर्ष मान्य केले.

त्या गोंधळात साखर मात्र सुटली. तिच्याविरुद्ध कोण मोर्चा काढणार? कोलाच्या 330 मिलिलिटरच्या डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे सात चमचे. मोठ्या माणसानेही वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहात कुणी सात चमचे घातले तर आपण कप खाली ठेवू. इथे थंडावा आणि आम्लाची चव तो गोडवा झाकून टाकतात. हेच आम्ल दातांचे कवच झिजवते.

राहिली बाटली. पेट प्लॅस्टिक बनवताना अँटिमनीचे संयुग वापरतात. त्याचा अत्यल्प अंश पेयात उतरतो, आणि उष्णतेने तो वाढतो. घाबरून जावे इतका नाही. पण टपरीबाहेर मे महिन्याच्या उन्हात तापत ठेवलेले क्रेट पाहिले की मला तरी ती बाटली नकोशी वाटते.

बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत साखरेचा आकडा असतो. तो बहुधा 100 मिलिलिटरचा असतो, बाटली मात्र 600 ची. सहाने गुणायचे काम आपले.