एकच बीम, पण आज

भिवंडीतल्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, एका बाजूला क्रीलवर कोन चढलेले असतात, दुसऱ्या बाजूला सूत खळीतून वाफाळत निघतं. चार मागवाल्याचा बीम, म्हणजे मागावर चढवायचा सुताचा रूळ, दिवसभर अडकला की त्याचा गाळा मुका होतो. शंभर मागवाल्याकडे दुसरे बीम शिलकीत असतात. तरी मोठ्या पार्टीचा सेट आधी लावायचा मोह होतोच. शिवाय सुताचा काउंट, म्हणजे जाडी, बदलायचा म्हणजे क्रील नव्यानं भरणं आलं, म्हणून एका जातीचं सूत सलग काढलेलं परवडतं.

कुणाचं आधी? संगणकातही प्रोसेसर कोणत्या कामाला द्यायचा, हाच प्रश्न सेकंदाला कित्येक वेळा सोडवावा लागतो. तिथेही काम बदलताना वेळ खर्ची पडतो.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं: आधी आला त्याचं आधी. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तो पंच-कार्डांच्या गठ्ठ्यांचा काळ. लांबलचक गणित पुढे असलं की दोन मिनिटांचं काम मागे ताटकळायचं. एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो यांनी त्याआधीच, १९६१-६२ मध्ये, वेगळी वाट काढली. रांगा अनेक, वरच्या रांगेत पाळी लवकर पण थोड्या वेळाची. वाट्याचा वेळ संपूनही काम उरलं तर खालची रांग. छोटी कामं झटपट सुटू लागली. पण खालच्या रांगेतलं काम तिथेच कुजलं तर? त्यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो: फार खोळंबलेल्याला वर उचलायचं. वाट पाहण्यालाही वजन आलं.

युनिक्स या संगणक-प्रणालीनं प्राधान्याला आकडा दिला आणि तो ठरवणाऱ्या आज्ञेचं नाव ठेवलं ‘नाइस’. त्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर तो उणे २० ते १९. आकडा जितका मोठा, तितकं काम इतरांना वाट देणारं. साध्या वापरकर्त्याला स्वतःहून मागे सरता येतं. पुढे घुसायला खास परवानगी लागते.

ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिवास लिनक्समध्ये न्याय्य वाटपासाठी झटत होते. तो विचार पुढे नेत इंगो मोलनार यांनी २००७ मध्ये नवा शेड्युलर, म्हणजे पाळी ठरवणारा भाग, आणला. त्यात प्रत्येक कामाचं स्वतंत्र घड्याळ होतं. काम चाललं की त्याचं घड्याळ पुढे सरकायचं, महत्त्वाच्या कामाचं जरा सावकाश. ज्याचं घड्याळ सर्वांत मागे, त्याची पाळी. कोणी कायमचा वंचित राहत नसे.

एक उणीव मात्र राहिली. किती मिळालं याचा हिशेब चोख होता, कधी मिळालं याचा नव्हता. २०२३ मध्ये लिनक्स ६.६ नं १९९५ च्या एका शोधनिबंधातली पद्धत उचलली. जो आपल्या वाट्यापेक्षा मागे पडलाय त्यालाच पाळीचा हक्क, आणि अशांमध्ये ज्याची मुदत आधी संपते तो पुढे. एका वेळी थोडंच मागणाऱ्याची मुदत जवळची धरली जाते. चार मागवाला सायझिंगच्या दारात उभा राहून तेवढंच तर मागत असतो: बीम एकच, पण आज.