गंगारामांच्या हातचा चहा

मराठीतील ‘तू’ या शब्दाला दोन चेहरे आहेत. आईला आपण ‘तू’ म्हणतो, परमेश्वराला ‘तू’ म्हणतो. आणि ज्याची मुळीच अदब राखायची नाही, त्यालाही ‘तू’च म्हणतो. साठी उलटलेल्या अस्पृश्य माणसाला पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराने ‘अरे’ म्हणून हाक मारावी, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांतून फार जुनी नाही. शब्द एकच, पण एकदा तो जिवाची जवळीक सांगतो आणि एकदा माणसाला वस्तूंच्या रांगेत नेऊन बसवतो.

मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वचिंतकाने १९२३ साली ‘मी आणि तू’ हा आपला छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच दुभंगावर बोट ठेवणारा आहे. त्याच्या मते एकटा ‘मी’ असा कोठेच नसतो. ‘मी-तू’ मधला मी वेगळा आणि ‘मी-ते’ मधला मी वेगळा. ‘ते’ म्हणजे ज्याचा उपयोग करायचा, ज्याची पाहणी करायची, ज्याची नोंद ठेवायची असे सारे. त्यावाचून जगाचा व्यवहार चालत नाही हे बूबर मान्य करतो. दुखणे तपासताना वैद्याला शरीर ‘ते’ म्हणूनच पाहावे लागते. मात्र माणूस सदासर्वदा ‘ते’ होऊन राहिला, म्हणजे पाहणारा ‘मी’ही वाळत जातो.

बूबरने आपल्या आयुष्यातील एक प्रसंग लिहून ठेवला आहे. १९१४ साली, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, एका सकाळी तो धार्मिक तन्मयतेत बुडालेला असताना एक तरुण त्याच्या भेटीला आला. बूबर त्याच्याशी सौजन्याने बोलला, त्याच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे दिली. त्या तरुणाने न विचारलेला प्रश्न मात्र त्याला ऐकू आला नाही. पुढे तो तरुण मरण पावल्याचे कळले. तो गप्पांसाठी नव्हे, जगण्यामरणाचा कौल मागण्यासाठी आला होता, हेही तेव्हाच कळले. प्रार्थनेची गोडी लागलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रसंग बोचावा असा आहे.

आता येथे एक शंका येते. बूबर ऐकत होता, उत्तरेही देत होता, मग उणे काय राहिले? मला वाटते, त्या खोलीत एक देणारा होता आणि एक घेणारा. उंचवटा आधीच ठरलेला होता. उंचावर बसलेल्याला खालच्याकडून काही हवे असेल, ही शक्यताच त्या भेटीत नव्हती.

हा मुद्दा ग्रंथापेक्षा कोल्हापूरच्या एका चहाच्या दुकानात अधिक स्पष्ट होतो. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या नोकरीत होते. हौदातील पाण्याला हात लावला म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारले. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. गिऱ्हाईक मात्र फिरकेना, कारण चहा कोणाच्या हातचा हे सगळ्यांना ठाऊक होते. महाराजांच्या कानी हे गेले. मग महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज गंगारामांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत.

महाराजांनी दिलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९१९ साली सार्वजनिक विहिरी, दवाखाने, शाळा यांतील अस्पृश्यता हुकमाने बंद झाली. हे देणे थोर होतेच. पण जातिव्यवस्थेने देण्याला कधी मनाई केली होती? धान्य, जुनेर, शिळे अन्न हे सारे वरून खाली बिनदिक्कत येत असे, आणि देणाऱ्याला पुण्यही लागत असे. मनाई होती ती उलट दिशेला: शिजवलेले अन्न आणि पाणी खालून वर जाता कामा नये. महाराजांनी कप ओठाला लावला तेव्हा नेमकी ही दिशा मोडली. हुकमाने जे साधत नाही ते त्या घोटाने साधले.

योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात असेच घडते. याकोबाच्या विहिरीजवळ थकून बसलेल्या प्रभू येशूचा शमरोनी स्त्रीशी संवाद सुरू होतो तो उपदेशाने नव्हे, पाणी मागण्याने. यहुद्याने शमरोन्याचे भांडे वापरू नये, अशी ती रीत. तिला प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या शिकवणुकीचे नव्हे, मागण्याचे. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर येते. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली आपल्या पहिल्याच परिपत्रकात संवादाचा सविस्तर विचार मांडला. तेव्हापासून हा शब्द आपल्या सभांमधून पुष्कळ फिरला आहे. पाणी मागण्याची तयारी त्या मानाने कमीच दिसते.

तरीही कोणी म्हणेल, घेणे हे इतके पवित्र कसे? ययातीनेही घेतलेच होते. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी आपापल्या तोंडाने सांगतात. वाचक तिघांचे ऐकतो. ते तिघे मात्र एकमेकांचे ऐकत नाहीत. कादंबरीचा हा घाटच मला तिच्यातील सर्वांत कठोर भाष्य वाटतो. प्रेमाविषयी इतके बोलणारी माणसे, आणि प्रत्येक जण आपल्याच आवाजाच्या कोंडवाड्यात! ययाति पुत्राचे तारुण्य घेतो ते आपली भूक पुरी करण्यासाठी. देणारा त्यात रिता होतो. गंगारामांचा चहा घेतल्याने गंगाराम रिते झाले नाहीत, यजमान झाले. घेण्याघेण्यातला फरक हा एवढा.

अर्थात राजा तो राजाच. गंगाराम महाराजांना नकार देऊ शकले असते काय, हा प्रश्न मी बाजूला सारणार नाही. समानता एका कपाने येत नाही. म्हणूनच पुढची पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला महाराजांनी आर्थिक साहाय्य केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, असे जमलेल्या अस्पृश्य बांधवांना सांगितले. मुक्याच्या वतीने बोलणे सोडून त्याचे बोलणे ऐकायला बसणे, हे चहाहूनही अवघड काम होते.

मराठीत आणखी एक सोय आहे. ती बूबरच्या जर्मन भाषेत नाही. ऐकणाऱ्याला वगळायचे तेव्हा आपण ‘आम्ही’ म्हणतो, त्याला सामावून घ्यायचे तेव्हा ‘आपण’. आपल्या शाळा, दवाखाने, अनाथालये यांच्या अहवालांत ‘आम्ही’ फार आढळते. आम्ही इतक्यांना शिकवले, इतक्यांवर उपचार केले. हे खोटे नाही आणि लहानही नाही. पण ज्यांची सेवा झाली त्यांच्या घरी किती जण जेवून आले, कोणाकडून काय शिकून आले, याचा रकाना अहवालात नसतो. ख्रिस्तसभेतही जातींच्या वेगळ्या वाटा अजून पुरत्या बुजलेल्या नाहीत, आणि त्या देणगीच्या वेळी नव्हे, सोयरिकीच्या व पंगतीच्या वेळी दिसतात.

घरात तरी वेगळे काय असते? जन्मभर सर्वांना देत आलेला कर्ता पुरुष आपण पाहिलेला असतो. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने, भावंडांची कर्जे त्याने निभावली. त्याला कशाची भीती वाटते, हे बायकोलाही ठाऊक नसते. त्याने ते कधी तिच्यापाशी मागितलेलेच नसते. पुढे तो अंथरुणाला खिळतो. सून पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी नेते आणि तो भिंतीकडे कूस वळवतो. ती चमचा धरून तशीच बसून राहते.