घरचे पाहुणे आणि नाताळची पंगत

रोमच्या त्रास्तेवेरे भागात सांता मारिया हे जुनं बासिलिका आहे. नाताळच्या दुपारी तिथले बाक हलवून टेबलं मांडली जातात आणि रस्त्यावर झोपणारी, एकटी पडलेली, परक्या देशातून आसऱ्याला आलेली माणसं जेवायला बसतात. प्रत्येकाच्या नावाची भेट तयार असते. १९६८ साली आंद्रेआ रिकार्दी या शाळकरी मुलाने मित्रांसह सुरू केलेल्या सांत एजिदिओ या प्रापंचिकांच्या संघाने १९८२ मध्ये हा पायंडा पाडला. पहिल्या पंगतीला जेमतेम वीसेक माणसं होती.

वसईची एक मुलगी रोमला शिकते आणि या संघाच्या व्हिया दांदोलोवरच्या अन्नछत्रात वाढायला जाते, असं समजा. नाताळात तिचे आई-बाबा येणार आहेत. तिचं आणि तिथल्या एका मराठी फादरांचं बोलणं मी कल्पिलं आहे.

"फादर, पंचवीस तारखेला बासिलिकात वाढू की आई-बाबांजवळ बसू?"

"मनात काय आहे?"

"लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो, जेवण घालशील तेव्हा नातलगांना बोलावू नकोस, गरिबांना बोलाव. नातलग परतफेड करतात."

"मार्कचा सातवा अध्यायही वाच. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं, 'कुर्बान' झालं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना तोच येशू फटकारतो."

"म्हणजे मी हात झटकतेय?"

"तूच सांग. अन्नछत्रात तुला हलकं का वाटतं?"

"तिथे मला कोणी काही विचारत नाही. आई विचारेल, लग्नाचं काय? बाबा विचारतील, पुढे कमावणार कधी? लेबनॉनच्या छावणीतून आलेली सीरियन आजी फक्त माझा हात धरते."

"दूरच्यांवर प्रेम करणं कधीकधी जवळच्यांपेक्षा सोपं असतं, पोरी."

"पण त्या आजीला भेटायला तिच्या गावाहून कोणीच येणार नाही. माझ्या बाबांनी ठेव मोडून तिकिटं काढलीत. दोन्ही खरं आहे, फादर. एक खरं म्हणून दुसरं खोटं कसं ठरवू?"

"ठरवू नकोस. संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत त्रेपन्नाव्या अध्यायात म्हटलंय, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त समजून स्वागत करा. त्याच अध्यायात पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवायला सांगितलंय, अवेळी येणाऱ्यांमुळे मठाचं चालतं काम मोडू नये म्हणून."

"मग आई-बाबांना बासिलिकातच घेऊन जाते. माझं काम बघतील."

"बघायला नेऊ नकोस. कोण जेवायला आलंय आणि कोण बघायला, हे जेवणाऱ्याला लगेच कळतं. लाजेने घास अडकतो त्याचा."

"आई नुसती बसणारच नाही. पदर खोचून वाढायला लागेल. त्याला इटालियन कशाला यायला हवं?"

"आणि बाबा?"

"बाबा फोटो काढतील. सगळ्या वाडीला पाठवतील. लेकीचा अभिमान आहे त्यांना."

"मोबाइल खिशात ठेवा म्हणालीस आणि त्यांना राग आला तर?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तर त्या दिवशी मी बाबांबरोबर खोलीवर जेवेन. त्या आजीचा चेहरा वसईत घरोघर फिरता कामा नये. माझ्या जागी वाढायला दुसरं कोणी उभं राहील. बाबांना दुसरी मुलगी नाही."

"आणि लूकचा चौदावा अध्याय?"

"तो उरलेल्या वर्षभरासाठी आहेच. पण आधी बाबांशी बोलते. त्यांना विचारायच्या आधीच मी त्यांचा नकार धरून चाललेय."

मला या मुलीचा निर्णय पटतो. सेवा आईबापांवर सूड म्हणून करायची नसते, आणि आईबापांच्या हौसेसाठी परक्याची अब्रूही उघडी टाकायची नसते. ज्यांची मुलं परदेशी चर्चच्या कामात आहेत त्या वसईच्या, नगरच्या, गोव्याच्या आईबापांना एक विनंती: तिकीट काढण्याआधी मुलांना त्यांच्या कामाचे दिवस विचारा, आणि त्या दिवशी तुम्ही कुठे उभं राहायचं ते त्यांना ठरवू द्या.