जुनी वस्तू आणि जाणत्याचा शब्द

अमिरातीत आपल्या लोकांचा मुक्काम बहुधा नोकरीच्या व्हिसाला बांधलेला. नोकरी संपली की घर आवरायचे आणि सामान मिळेल त्या भावाने द्यायचे. घेणाराही परदेशीच. दोघेही भले असतात. पण वस्तू आतून कशी आहे, हे पुष्कळदा दोघांनाही ठाऊक नसते.

प्राणवायूचे घरगुती यंत्र घ्या. त्यातले झिओलाइटचे दाणे हवेतला नत्रवायू धरून ठेवतात, म्हणून हवेत २१ टक्के असणारा प्राणवायू नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास मिळतो. ओलाव्याने ते दाणे निकामी होतात, आणि इकडचा उन्हाळा किती दमट असतो ते आपण जाणतोच. तरी यंत्र पूर्वीसारखेच घरघरते. मोजल्यावाचून फरक कळत नाही. मोटारीतल्या बालकांच्या आसनाचेही तसेच. २०१७ साली चार वर्षांखालील मुलांसाठी ते येथे सक्तीचे झाले. पण मोठ्या अपघातातून गेलेले आसन बाहेरून धडधाकटच दिसते.

मग आम्ही परिचारिकांनी न विचारता बोलावे काय? आम्हांस वाटते, बोलावे. सौदा मोडेल, विकणारा रागावेल. पण आमच्या गप्प बसण्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

मात्र नुसते भय घालू नये. चाकांच्या खुर्चीचे ब्रेक नीट लागत असतील तर "धुऊन खुशाल वापरा" हेही सांगावे. नाहीतर गरिबाचा म्हातारा खुर्चीवाचूनच राहायचा. आमची विद्या रोग्यांच्या खाटेपाशी मिळाली. ती वस्तूबरोबर फुकट द्यावी.