सक्तीचे वाचन आणि घरातील अधिकार

शाळेत न घातलेल्या मुलासाठी वर्षभराच्या वाचनाची यादी करणे ही वरवर पाहता नियोजनाची बाब वाटते. वस्तुतः तो नैतिक प्रश्न आहे. शाळेची सक्ती मुलाच्या वाढीला मारक ठरते, या भूमिकेतून जे पालक घरी शिकवू लागतात, त्यांनाच जून उजाडताच ‘हे वाचलेच पाहिजे’ असे ठरवावे लागते. ज्या अधिकाराला त्यांनी नकार दिला, तोच आता त्यांच्या हाती येतो. तो त्यांनी कशाच्या बळावर वापरावा?

कायदा येथे फारशी मदत करीत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानले; ते न पाळणाऱ्या पालकासाठी मात्र शिक्षा सांगितली नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील शाळांमध्ये मराठी सक्तीची केली. घराच्या उंबरठ्यापाशी तो कायदा थांबतो. कांदिवलीसारख्या उपनगरात, जिथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि हिंदी कानी पडते, तिथे घरी शिकणाऱ्या मुलाने मराठी वाचावे की नाही हे सर्वस्वी आईवडील ठरवितात. मूल स्वतः निवडेल, असे म्हणून हा भार टाळता येत नाही. आठव्या वर्षी जी भाषा वाचनात आली नाही, ती अठराव्या वर्षी निवडण्याजोगी उरतेच असे नाही. यादी न करणे हीदेखील एक यादीच असते. फक्त ती कोणी केली हे दिसत नाही.

ही अदृश्यता रूसोच्या ‘एमिल’मध्ये (१७६२) स्पष्ट जाणवते. पुस्तकी शिक्षणाचा तिटकारा असलेला हा विचारवंत आपल्या मानसपुत्राच्या हाती प्रारंभी एकच पुस्तक देतो, ‘रॉबिन्सन क्रूसो’. एमिल मोकळा भासतो. परंतु त्याच्याभोवतीचा सारा परिसर शिक्षकाने रचलेला असतो. लिहून भिंतीवर लावलेल्या यादीशी मुलाला निदान भांडता येते. रचलेल्या परिसराशी कसे भांडणार? तेव्हा सक्ती उघड असणे हा तिचा दोष नसून गुणच मानला पाहिजे.

तथापि उघड सक्तीही शाळेत आणि घरात सारखी नसते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकामागे मंडळ असते, समिती असते. त्या अधिकाराला चेहरा नसतो. पाठ कंटाळवाणा आहे असे म्हणणारे मूल कोणा प्रिय व्यक्तीला दुखवीत नाही, आणि वर्गात त्याला साथ देणारे दुसरे कोणी बहुधा भेटते. घरात ही सोय नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चे उदाहरण घ्यावे. या पुस्तकात आईच शिक्षक आहे आणि घर हीच शाळा. कांदिवलीतील एखाद्या सदनिकेत आई ते मोठ्याने वाचून दाखविते, तेव्हा संहितेतील आई आणि वाचणारी आई यांच्यातील अंतर जवळजवळ पुसले जाते. श्यामच्या आईचे येथे चुकले, असे म्हणणे हे टीकेऐवजी अवज्ञेसारखे वाटू लागते. पुस्तक तेच राहते, परंतु त्याच्याशी असहमत होण्याची जागा आक्रसते. साहित्याचे आकलन ज्या अंतरावर अवलंबून असते, ते अंतरच येथे प्रेमामुळे धोक्यात येते. घरातील सक्ती शाळेतील सक्तीहून सौम्य असते, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

मराठी प्रबोधनाच्या इतिहासात घरच्या सक्तीच्या वाचनाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. रमाबाईंनी भागवत मुखोद्गत केले; ते त्यांनी निवडले नव्हते. जे वगळले गेले तेही त्यांनी ठरविलेले नव्हते. स्त्रियांना वेदाधिकार नाही हे त्या गृहीत धरून होत्या. १८७८ साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत दिली, तेव्हा आपण त्यास पात्र नाही असेच त्यांना प्रथम वाटले. पुढे स्त्रियांना त्यांची कर्तव्ये सांगण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले, आणि त्या वाचनानेच त्यांची परंपरेवरील श्रद्धा डळमळीत झाली.

या घटनाक्रमाचा अर्थ काय लावायचा? वडिलांची यादी फसली असे म्हणता येईल, कारण भक्तीसाठी दिलेली विद्या नकारापर्यंत पोहोचली. परंतु अधिक सयुक्तिक अर्थ वेगळा आहे. लहानपणी जे कंठस्थ झाले त्यामुळेच वगळलेले ग्रंथ वाचण्याचे सामर्थ्य त्यांना लाभले. संस्कृत येत नसते तर ना वेद उघडता आले असते, ना धर्मशास्त्राची उलटतपासणी करता आली असती. यादीतील मर्यादा यादीने दिलेल्या भाषेतूनच ओलांडली गेली. मात्र त्या ओलांडण्याला घर सोडून दूरच्या नगरात जावे लागले, आणि प्रत हाती ठेवणारा माणूस घरचा नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

सक्तीच्या वाचनाचे समर्थन म्हणून ‘ही पुस्तके थोर आहेत’ एवढ्यावर टिकत नाही. अभिजाततेचा दाखला देणारा पालक वास्तविक स्वतःच्या आवडीलाच परंपरेचे नाव देत असण्याचा संभव असतो. समर्थन दुसरीकडे शोधावे लागते: ही यादी मुलाला तिच्याबाहेरचे वाचण्यास समर्थ करते काय, आणि ते बाहेरचे पुस्तक घेऊन येणाऱ्या परक्या माणसाला घरात वाट आहे काय? वर्षाच्या आखणीत ग्रंथालयातील निरुद्देश दुपार, शेजारच्या घरातला वेगळ्या मताचा वाचक, दया पवारांच्या ‘बलुतं’सारखे (१९७८) कित्येक घरांच्या स्मरणात न बसणारे पुस्तक यांना स्थान देणे हे म्हणून औदार्य नव्हे, ऋण आहे. शाळा हे ऋण चाळीस मुले एका खोलीत बसवून नकळत फेडत होती. जे पालक मुलाला त्या खोलीतून बाहेर काढतात, त्यांना ते जाणीवपूर्वक फेडावे लागते.